ब्रेमनरची बंद पडलेली सोन्याची खाण : गाईड घ्यावा का, आणि कुठली सफर घ्यावी

अलास्कातलं रँगल-सेंट इलायस हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं नॅशनल पार्क, पण त्यात शिरणारे रस्ते दोनच. ब्रेमनरला त्यातला एकही जात नाही. मॅकार्थी गावातून चार-पाच माणसं जेमतेम मावतील एवढ्या विमानात बसायचं, चिटिना नदी ओलांडून दक्षिणेला चुगाच डोंगररांगेत शिरायचं आणि अर्ध्या तासाच्या आसपास एका खडबडीत धावपट्टीवर उतरायचं. विमान निघून गेलं की मोबाइलला रेंज नाही, आखलेली वाट नाही, दिशादर्शक पाटी नाही. ऐंशीएक वर्षांपूर्वी थांबलेली सोन्याची खाण, तिची गिरणी, कामगारांच्या खोल्या आणि उघडं खोरं, एवढंच समोर असतं.

इथे गाईडसोबतच्या सफरी साधारण तीन प्रकारच्या मिळतात. पहिली मुक्कामी : ब्रेमनरलाच तंबू ठोकून तीन-चार दिवस आजूबाजूच्या डोंगरधारा आणि खाणी पाहायच्या. दुसरी आइसबर्ग लेकला उतरून ग्लेशियर आणि खिंडी पार करत ब्रेमनरला पोचायची, पाच-सहा दिवसांपासून आठवड्यापर्यंतची. तिसरी ब्रेमनरहून पश्चिमेला टेबे सरोवरांकडे जाणारी, सगळ्यात लांब आणि अंगावर येणारी. तिन्हींचा निकाल आधीच सांगून टाकतो. फक्त खाणच बघायची असेल आणि नदी ओलांडायचा सराव असेल, तर पहिलीला गाईड लागत नाही. दुसरी गाईडशिवाय करू नये, आणि पैसे वसूल होतात ते हिच्यातच. तिसरी ज्यांनी दुसरी केली आहे त्यांच्यासाठी.

खाणीचा इतिहास थोडा माहीत असला तर तिथे दिसतं ते नुसतं भंगार राहत नाही. १९०१ साली इथल्या ओढ्याच्या वाळूत सोनं सापडलं. ओढ्याचं नाव गोलकोंडा क्रीक. हो, आपलाच गोवळकोंडा. तिथल्या हिऱ्यांच्या ख्यातीमुळे इंग्रजीत हा शब्द अमाप संपत्तीची खाण या अर्थानं रुळला होता, आणि जिथे चार कण चमकले तिथे हे नाव ठोकून द्यायची खाणवाल्यांना हौस. वाळूतलं सोनं धुऊन काढणं हे आपल्याकडच्या झारेकऱ्यांसारखंच काम : चिकाटी हवी, भांडवल कमी लागतं. डोंगराच्या पोटातली गारेची म्हणजे क्वार्ट्झची शीर फोडून सोनं काढायचं तर बोगदे, गिरणी, रोपवे, वीज सगळंच लागतं. एवढ्या आडबाजूला ते परवडू लागलं याचं मोठं कारण १९३४ चं. अमेरिकी सरकारनं सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून थेट ३५ वर नेला. लकी गर्ल, ग्रँड प्राइझ, शेरीफ ही इथल्या खाणींची नावं. त्या काळातली इथली मुख्य कंपनी यलो बँड. पुढे युद्ध आलं आणि ८ ऑक्टोबर १९४२ च्या एल-२०८ आदेशानं युद्धाला न लागणाऱ्या सोन्याच्या खाणी देशभर बंद झाल्या. युद्धानंतर मजुरी आणि माल महागला, सोन्याचा भाव मात्र ३५ वरच अडकलेला. अशा खाणी पुन्हा सुरू करण्यात कुणालाच राम वाटला नाही. मोडून परत न्यायलाही परवडेना, म्हणून सामान जागच्या जागी राहिलं.

आता सफरीकडे. मॅकार्थीला पोचणं हीच एक पायरी आहे. चिटिनापासून बहुतांशी कच्चा रस्ता ६० मैल, म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर. १९११ मध्ये पुऱ्या झालेल्या आणि १९३८ मध्ये बंद पडलेल्या तांब्याच्या रेल्वेमार्गावरच तो बांधला आहे, त्यामुळे जुने रुळांचे खिळे अजून वर येतात आणि टायर फाडतात. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्चे रस्ते वर्ज्य असतात, ते कलम आधी वाचा. रस्ता केनिकॉट नदीशी संपतो. पुढे पादचारी पूल. सामान घेऊन तो चालतच ओलांडायचा. सफरीच्या रकमेत मॅकार्थीपर्यंतचा प्रवास बहुधा धरलेला नसतो. विमान मात्र धरलेलं आहे की नाही हे विचाराच, कारण जाणं-येणं मिळून ती रक्कम मोठी असते.

विमानात वजनाला किंमत आहे. सॅकसकट माणसाला काट्यावर उभं करतात, आणि सॅक मऊ हवी. फ्रेमची ताठर बॅग शेपटाकडच्या कोपऱ्यात बसत नाही. अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा केबिनमध्ये घेऊन बसायचं नाही. तो पायलटच्या हातात द्यायचा, मग तो बंद डब्यात किंवा केबिनबाहेरच्या कप्प्यात ठेवतो. हवेत डबा फुटला तर पायलटचे डोळे जातील, आणि मग बाकीचं बोलायला कुणी उरणार नाही. हा फवारा आणि स्टोव्हचं गॅस सिलिंडर प्रवासी विमानकंपन्या चेक-इन सामानातही घेत नाहीत. दोन्ही अलास्कात पोचल्यावरच घ्यायचे किंवा गाईडकडून मागून घ्यायचे.

आइसबर्ग लेकवाल्या सफरीची सुरुवातच जोरदार आहे, कारण तिथे आता सरोवर नाही. ग्लेशियरच्या बांधानं अडलेलं हे पाणी १९९९ साली बर्फाच्या खालून वाट काढून निसटलं. उरला तो सरोवराचा कोरडा तळ. ओढ्यांनी तो कापला आहे, आणि त्या कापात गाळाचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक दिसतात. उन्हाळ्यात जाड गाळ, हिवाळ्यात बारीक, अशी दर वर्षाची एक जोडी. अभ्यासकांनी हे थर मोजून सुमारे १५०० वर्षांची नोंद काढली. नखानं एखादं पान सुटं होतं. हे दाखवायला जो गाईड अर्धा तास थांबतो तो चांगला, जो नुसता फोटो काढून पुढे हाकतो तो पाट्या टाकतोय असं समजा.

पुढे बर्फ. उन्हाळ्याच्या मध्यावर खालच्या ग्लेशियरवरचं हिम वितळून उघडा निळसर बर्फ राहतो. भेगा डोळ्यांना दिसतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी दोराविना क्रॅम्पॉनवर, म्हणजे बुटाखाली बांधायच्या पोलादी दातांवर, चालता येतं. हिम टिकून असेल तर भेगा झाकलेल्या असतात, आणि मग दोर आणि भेगेतून माणूस वर काढायचं सामान लागतंच. म्हणून जूनमधली सफर आणि ऑगस्टमधली सफर यांत सामान वेगळं असतं. जी कंपनी दोन्हींना एकच यादी पाठवते तिला कारण विचारा. क्रॅम्पॉन बुटाला घरीच लावून, वीस-पंचवीस पावलं टाकून बघायचे. मऊ ट्रेल शूजवर पट्ट्याचे क्रॅम्पॉन सैल होतात, पाय आत गोल फिरतो आणि पोटरी फाटते. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे पाऊल कडेवर ठेवणं. तळाचे सगळे दात एकदम टेकले पाहिजेत.

ग्लेशियर उतरलं की मोरेन, म्हणजे बर्फानं वाहून आणलेल्या दगडांचा पसारा. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरलेल्या माणसाला वाटतं हे आपल्याला येतं. इथला घसारा मात्र बर्फावर पसरलेला आहे : वर चार बोटं दगड, खाली गुळगुळीत बर्फ. पाय ठेवायच्या आधी काठीनं टोचून बघायचं. किलोमीटरला तास लागला तर वेळापत्रक चुकलं असं समजू नका. झुडपात शिरलात तर वेग आणखी निम्म्यावर येतो. आल्डर नावाचं हे झाड उतारावर आडवं वाढतं. फांद्या गुडघ्यापासून छातीपर्यंत जाळी धरतात, कारवीसारख्या सरळ उभ्या नसतात की बाजूला सारून जाता येईल. इथे गाईडची खरी परीक्षा होते. चांगला गाईड ढोरवाट शोधतो. जंगली मेंढ्या आणि अस्वलं झुडपाच्या वरच्या कडेनं जातात, तीच वाट धरायची आणि मोठ्यानं बोलत राहायचं. काउ पार्सनिप नावाची छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांची वनस्पती उघड्या हातानं मोडू नका. रस लागून वर ऊन पडलं की फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

नद्या हा या सफरीतला सगळ्यात धोक्याचा भाग. अस्वलांपेक्षाही, बोगद्यांपेक्षाही जास्त. ग्लेशियरचं पाणी दिवसभराच्या उन्हानं वाढतं : पहाटे सगळ्यात कमी, दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सगळ्यात जास्त. पाणी दुधाळ, म्हणून तळ दिसत नाही. नदी एका धारेत असते तिथे नाही, ती पाच-सहा धारांत फुटते तिथे ओलांडायची. बूट काढायचे नाहीत. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पडलात तर सॅक तुम्हाला पाण्याखाली दाबणार नाही. तोंड प्रवाहाकडे, पाऊल तिरकं खालच्या अंगाला. चार-पाच जण असतील तर बाणाच्या टोकासारखं उभं राहायचं : सगळ्यात दणकट माणूस काठी टेकून पुढे, बाकीचे त्याच्या आडोशाला, आणि एका वेळी एकानंच पाय हलवायचा. पाण्याखालून गडगड आवाज येत असेल तर धोंडे वाहतायत. तिथे चर्चा नाही, मागे फिरायचं आणि पहाटेपर्यंत तंबूत पडून राहायचं.

हे 'पडून राहायचं' म्हणायची ताकद गाईडकडे आहे का, यावर सगळं अवलंबून आहे. ज्या सफरीत सहा दिवसांचं चालणं आणि सहाव्या दिवशीच संध्याकाळी विमान असतं, तिथला गाईड भल्या माणसासारखा वागूच शकत नाही. दुपारी तीन वाजता फुगलेली नदी त्याला ओलांडावीच लागते. एक रिकामा दिवस वेळापत्रकात छापलेला असेल तर तीच सफर बरीच सुरक्षित होते. जाहिरातीत 'विश्रांतीचा दिवस' असं लिहिलेलं असतं आणि लोकांना ते पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. खरं तर गाईडला दिलेल्या पैशांतला मोठा वाटा त्या दिवसाचाच आहे.

आता खाण. पहिलं तोंड दिसलं की आत डोकवावंसं वाटतं. नाही. ही एक गोष्ट गाईडनं हसण्यावारी नेली तर सफर तिथेच वाईट. लाकडी आधार बाहेरून शाबूत दिसतो आणि आतून कुजून भुसा झालेला असतो. बोगद्याच्या जमिनीत मध्येच खाली जाणाऱ्या उभ्या विहिरी असतात, त्यांच्यावर फळ्या टाकलेल्या किंवा पाणी भरलेलं; टॉर्चच्या उजेडात ते डबकंच वाटतं. हवेत प्राणवायू कमी असेल तर वास येत नाही, घुसमटही जाणवत नाही. माणूस नुसता खाली बसतो. शिवाय जुना डायनामाइट. त्यातलं नायट्रोग्लिसरीन पाझरून बाहेर येतं आणि धक्क्यालाही तयार असतं. तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पेन्सिलच्या तुकड्याएवढी नळी पडलेली दिसली तर ती स्फोटाची कॅप असू शकते. हात लावू नका, जागा लक्षात ठेवा आणि पार्कवाल्यांना कळवा.

बाहेर राहूनही बघायला भरपूर आहे, फक्त दाखवणारा पाहिजे. अशा गिरण्या उतारावरच बांधत, कारण खनिज वरून खाली आपोआप यावं. रोपवेच्या बादल्यांतून दगड वरच्या मजल्यावर, मग जबड्यासारखा क्रशर, मग पोलादी गोळ्यांचं फिरतं पिंप, मग हलणारं टेबल किंवा पाऱ्याचा थर दिलेले तांब्याचे पत्रे, जिथे सोन्याचे कण पाऱ्याला चिकटत. क्रशरचा जबडा जवळून बघा. दोन पोलादी पाटे, त्यांवर उभे दात. वरच्या बाजूला दात ठळक, खाली तोंड अरुंद होतं तिथे झिजून सपाट, कारण शेवटचा चुरा तिथेच होतो. किती माल फोडला गेला याचा हिशेब त्या झिजेत आहे. बोगद्याच्या तोंडापाशी टाकलेल्या ढिगात पांढरी गार सापडते, भेगांतून गंजाच्या तपकिरी रेघा असलेली. तो गंज पायराइट या सोन्यासारख्या चमकणाऱ्या खनिजाचा. जी चमक दिसते तीही बहुधा त्याचीच. चाकूचं टोक लावून बघा : पायराइट पोलादाला दाद देत नाही, दाबलंत तर काळपट भुकटी होते. सोनं मऊ असतं, त्यावर चरा उठतो.

पाण्याचं विसरू नका. गिरणीच्या खालच्या अंगाला पसरलेली करडी, नारिंगी भुकटी म्हणजे दळून उरलेला गाळ. अशा गाळात पारा, आर्सेनिक असू शकतं. त्याच्या खालच्या ओढ्याचं पाणी पिऊ नका. विरघळलेले धातू साध्या गाळणीनं निघत नाहीत, उकळूनही नाही. गिरणीच्या वरच्या अंगाचं पाणी भरा. ग्लेशियरचं दुधाळ पाणी रात्रभर पातेल्यात निवळू द्या, चिमूटभर तुरटी फिरवली तर काम लवकर होतं, आणि मगच फिल्टर. नाहीतर तो दुसऱ्याच दिवशी चोंदतो. रात्री तापमान शून्याजवळ उतरतं. पोकळ तंतूंचा फिल्टर गोठला की आतून फुटतो आणि बाहेरून काही कळत नाही. तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

नियम सोपे आहेत, पण गाईडच मोडतात म्हणून सांगायचं. खिळा, बाटली, पत्र्याचा डबा, काहीही उचलायचं नाही. मेटल डिटेक्टर बंद. साध्या थाळीनं ओढ्यातली वाळू धुवायला मात्र इथे परवानगी आहे, फावडं-कुदळ न वापरता आणि कुणाच्या खासगी हक्काच्या जागेत नाही. सफरीत 'सोनं धुण्याचा अनुभव' असं लिहिलेलं असेल तर नेमकं कुठे धुणार, हे विचारा. स्वतंत्र जाणाऱ्यांना पार्कची परवानगी लागत नाही, तरी मार्गाचा आराखडा पार्कच्या कार्यालयात भरून द्यावा.

खाण्याच्या बाबतीत हिशेब आधी करा, तिथे काही मिळत नाही. कोरडा शिधा माणशी दिवसाला ७०० ते ९०० ग्रॅम. अस्वलाला न उघडणारा डबा ११.५ लिटरचा घेतला तर त्याचंच वजन १.१६ किलो, आणि नीट ठासून भरला तर सहा-सात दिवसांचं मावतं. हवामान बिघडून विमान आलं नाही तर दोन-तीन दिवस जादा लागतात, म्हणजे एका डब्यात बसत नाही. इथे कंपन्या हात आखडतात : जादा शिधा एक-दोन पाकिटांवर भागवतात. 'विमान उशिरा आलं तर किती दिवसांचं खाणं आहे?' या प्रश्नाचं उत्तर आकड्यात आलं पाहिजे. जेवण बनवायची जागा आणि डबे तंबूपासून शंभर पावलं दूर, तेही वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

सॅकचं वजन जाहिरातीतल्या आकड्याहून जास्त धरा. वैयक्तिक सामान बारा-तेरा किलो झालं की वर तंबू, दोर, स्टोव्ह, शिधा यांचा तुमचा वाटा सहा-सात किलो येतो. चालायचा सराव असलेली माणसंही पहिल्या दिवशी यानेच खचतात. पिसाची जाकिटं पावसात चेंदामेंदा होतात. कृत्रिम भरणाचं घ्या. टॉर्च जूनमध्ये जवळजवळ बिनकामाची, कारण जूनअखेरीस सूर्य १९ तासांच्या आसपास वर असतो आणि उरलेल्या वेळातही अंधार पडत नाही. त्याऐवजी डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. डासांसाठी डोक्यावरची जाळी जून-जुलैत हवीच, ऑगस्टच्या मध्यानंतर फारशी लागत नाही. आमच्या मते ऑगस्टचा पहिला पंधरवडा सगळ्यात बरा : खिंडीतलं हिम गेलेलं, डास ओसरलेले, पाऊस मात्र धरून चालायचा.

पैसे भरण्याआधी विचारायच्या आणखी तीन गोष्टी. एका गाईडमागे माणसं किती? चार उत्तम, सहाच्या वर नको. गाईडला रानातल्या प्रथमोपचाराचं सत्तर-ऐंशी तासांचं प्रशिक्षण आहे का आणि उपग्रहावरून निरोप देणारं यंत्र त्याच्याकडे आहे का? आणि ब्रेमनरला प्रत्यक्ष किती तास? या शेवटच्या प्रश्नावरच चालत जायच्या सफरी मार खातात. आइसबर्ग लेकवाली सफर बर्फाच्या बाबतीत अव्वल असते, पण खाणीला शेवटच्या दिवशी दोन-तीन तास मिळतात आणि तेही विमानाची वाट बघता बघता. गाईड बर्फातले वस्ताद, गिरणीचं यंत्र दाखवून 'हे जुनं आहे' एवढंच सांगणारे. ब्रेमनरला दोन रात्री मिळत असतील तर पाचपैकी साडेचार तारे, नाहीतर साडेतीन. सुटकेचा हवाई खर्च भरून देणारा विमा स्वतःचा काढा, कंपनीच्या कागदावर विसंबू नका.

परतीच्या सकाळी सॅक आठलाच बांधून धावपट्टीशेजारी न्या. पायलट ढगातली फट बघून येतो, घड्याळ बघून नाही, आणि आला की इंजिन फार वेळ थंड होऊ देत नाही. तंबू मात्र विमानाचा आवाज कानावर येईपर्यंत उभाच ठेवा.